स्पॅनिशमधली साधी आज्ञा पुन्हा पुन्हा चुकते? तपासायला इथून सुरुवात करा

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या वह्या तपासताना माझी लाल शाई सगळ्यात जास्त संपते ती होकारार्थी आज्ञांवर. तीही अनियमित, डोकेफोड क्रियापदांच्या नाही, तर आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), एस्क्रिबीर (लिहिणे) अशा सरळ नियमात चालणाऱ्या क्रियापदांच्या. वर्तमानकाळ पाठ असतो, भूतकाळही बऱ्यापैकी जमतो, पण 'जरा थांबा' किंवा 'इथे सही करा' म्हणायची वेळ आली की शेवटचा स्वर डळमळतो. दुरुस्त करून दिलं की आठवडाभर बरं चालतं, मग तीच चूक परत हजर.

ती परत का येते याचं कारण बहुतेक पुस्तकांत सापडत नाही, कारण ती पुस्तकं मराठी कानासाठी लिहिलेली नसतात. ते कारण दुसऱ्या तपासणीत आहे. घाईत असाल तर तेवढं वाचलं तरी निम्मं काम होईल.

इथे स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पेलिंगचा मुद्दा येईल तिथे अक्षरांची नावं सांगेन. 'तू-रूप' म्हणजे जवळच्या एका माणसासाठीचं, 'उस्तेद-रूप' म्हणजे मान देऊन एका माणसासाठीचं, 'उस्तेदेस-रूप' म्हणजे अनेकांसाठीचं. स्पॅनिशमधलं 'तू' मराठीतल्यासारखंच ऐकू येतं आणि साधारण त्याच नात्यात वापरलं जातं. तेवढ्यावर खूश होऊन पुढचंही सगळं मराठीसारखंच असेल असं धरू नका.

लक्षणं

खालीलपैकी काय काय दिसतंय ते आधी पाहा. दोन-तीन एकदम दिसली तरी घाबरू नका, मूळ बहुधा एकच असतं.

अनोळखी बाईंना तुम्ही 'सेन्योरा, एस्पेरा' म्हणता आणि समोरून जरा थंड प्रतिसाद येतो. तुमच्या मते तुम्ही 'थांबा' म्हणालात, त्यांना मात्र 'थांब' ऐकू आलं.

'कोमेर'ची आज्ञा कधी 'कोमे' लिहिता, कधी 'कोमा', आणि दोन्ही कधी ना कधी बरोबर ठरल्यामुळे नियम काय ते कळतच नाही.

मित्राला 'बोल' सांगताना हातून 'आब्लेस' लिहिलं जातं.

सगळ्या सूचना मूळ रूपातच निघतात: 'आब्लार देस्पासिओ, पोर फावोर'. समोरच्याला अर्थ कळतो, पण तुम्ही शब्दकोश वाचून दाखवताय असं वाटतं.

'ते विकत घे' म्हणायला 'लो कोम्प्रा' म्हणता आणि ऐकणारा विचारतो, 'कोण विकत घेतंय?'

बोलण्यात सगळं ठीक, पण लिहिताना अ‍ॅक्सेंटची तिरकी रेघ कुठे द्यायची ते नेमकं चुकतं. किंवा 'शोधा' लिहिताना 'बूस्के' ऐवजी वाचणाऱ्याला 'बुस्से' दिसतं.

समोर चार माणसं असतात आणि आज्ञा एकालाच दिली जाते.

पहिली तपासणी: आज्ञा कोणाला, हे ठरलंय का?

ही फुकटातली तपासणी, आणि हीच सगळे वगळतात. क्रियापदाला हात लावण्याआधी वाक्याच्या समासात एकच शब्द लिहा: तू, उस्तेद किंवा उस्तेदेस. बाकी काहीही नंतर.

याचं महत्त्व कळायला एका वहीतलं वाक्य जवळून पाहू:

'सेन्योरा, एस्पेरा आकी इ एस्क्रिबीर सू नोम्ब्रे, पोर फावोर.'

लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, 'बाई, इथे थांबा आणि आपलं नाव लिहा.' 'सेन्योरा' मानाचं. 'सू नोम्ब्रे' म्हणजे 'आपलं नाव', तेही मानाचं. जवळच्या माणसाला 'तू नोम्ब्रे' आलं असतं. मधली दोन क्रियापदं मात्र भलतीकडे गेली आहेत. 'एस्पेरा' हे तू-रूप आहे, आणि 'एस्क्रिबीर' ही आज्ञाच नाही. म्हणजे मनात उस्तेद पक्कं होतं, पण हात ते विसरला. दुरुस्ती अशी: 'सेन्योरा, एस्पेरे आकी इ एस्क्रीबा सू नोम्ब्रे, पोर फावोर.'

म्हणून वाक्यातल्या 'सू', 'तू', 'ते', 'से' या बारक्या शब्दांवर पेन्सिलीने गोल करा. ते सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवत असतील आणि क्रियापद दुसरीकडे, तर चूक क्रियापदात आहे. बारके शब्दच आपापसात भांडत असतील, तर तुम्ही अजून ठरवलेलंच नाही. लांब पत्रात हे फार होतं: पहिल्या परिच्छेदात उस्तेद, तिसऱ्यात तू, आणि सहीच्या आधी परत उस्तेद.

कोणाला तू आणि कोणाला उस्तेद, हे मात्र देशाप्रमाणे बदलतं. स्पेनमध्ये आज अनोळखी माणसाशीही तू बऱ्याच लवकर सुरू होतं. कोलंबियाच्या काही भागांत आणि कोस्टा रिकात घरातल्या, अगदी जिवाभावाच्या माणसांशीही उस्तेद बोलतात. शंका असेल तर उस्तेदने सुरुवात करा. जास्त मान दिल्याचा राग सहसा कोणी धरत नाही.

दुसरी तपासणी: कान मराठीत अडकलाय का?

इथे थोडा वेळ थांबा. परत परत येणाऱ्या चुकीचं घर इथेच आहे.

मराठीत 'बोल'ला आ लावला की 'बोला' होतं, 'थांब'चं 'थांबा', 'लिही'चं 'लिहा'. लहानपणापासून कानात बसलंय की शेवटी आ ऐकू आला म्हणजे मान दिला. आता स्पॅनिशकडे या. आरवाल्या गटात, म्हणजे ज्यांचं मूळ रूप 'आर'ने संपतं त्या क्रियापदांत, तू-रूप आहे 'आब्ला', आणि उस्तेद-रूप 'आब्ले'. म्हणजे आ जवळिकीचा, ए मानाचा. मराठी कानाच्या बरोबर उलट. 'एस्पेरा' म्हणताना तुम्हाला आतून 'थांबा' म्हटल्यासारखं वाटतं, म्हणून चूक झाल्याची शंकाही येत नाही.

बरं, हे सगळीकडे उलट असतं तरी सवय झाली असती. पण एरवाल्या आणि ईरवाल्या गटांत तू-रूपं आहेत 'कोमे', 'एस्क्रीबे', आणि उस्तेद-रूपं 'कोमा', 'एस्क्रीबा'. इथे आ खरंच मानाचा! म्हणजे तुमचा मराठी अंदाज काही वेळा अचूक लागतो. पूर्ण चुकीची सवय लवकर सुटते, अधूनमधून बरोबर ठरणारी सुटत नाही. पाठांतर करूनही ही चूक परत उगवते ती यामुळे.

उपाय एकच: 'आ म्हणजे मान' हे सोडून 'उस्तेद म्हणजे अदलाबदल' हे धरा. आरवाल्या क्रियापदाचा स्वतःचा स्वर आ. उस्तेदसाठी तो ए होतो. एरवाल्या आणि ईरवाल्यांचा वर्तमानकाळातला स्वर ए. उस्तेदसाठी तो आ होतो. तू-रूपात काहीही बदलत नाही, क्रियापद आपल्या घरच्याच स्वरावर राहतं.

तू-रूप: आब्ला, कोमे, एस्क्रीबे.
उस्तेद-रूप: आब्ले, कोमा, एस्क्रीबा.
उस्तेदेस-रूप: आब्लेन, कोमान, एस्क्रीबान.

सराव करताना हे तक्त्यासारखं उभं म्हणू नका, जोडीने म्हणा आणि गट मिसळून म्हणा: मीरा–मीरे, आब्रे–आब्रा, एस्कूचा–एस्कूचे, सूबे–सूबा. बघ–बघा, उघड–उघडा, ऐक–ऐका, वर ये–वर या. एकाच गटाची दहा क्रियापदं ओळीने म्हटलीत तर तोंडाला फक्त ताल लागतो. डोक्याला काम पडतं ते पुढचं क्रियापद कोणत्या गटातलं ते माहीत नसतं तेव्हा.

याच तपासणीत मराठीचा दुसरा अडथळाही पाहून घ्या. आपलं 'तुम्ही' एका आदरणीय माणसालाही चालतं आणि दहा जणांनाही. 'बसा' म्हटलं की दोघांचंही काम भागतं. स्पॅनिशमध्ये नाही. दहा जणांना शेवटी 'न' हवाच: 'एस्पेरेन', 'फिर्मेन आकी'. चार पाहुणे दारात उभे असताना 'पासे' म्हणालात तर तुम्ही त्यातल्या एकालाच आत बोलावलंत. ही चूक लक्षात आली की लगेच सुटते, वर सांगितलेल्या चुकीसारखी चिवट नाही.

तिसरी तपासणी: मूळ रूप तसंच तर राहिलं नाही ना?

शेवटचा 'र' अजून तिथेच असेल तर ती समोरच्या माणसाला दिलेली आज्ञा नाही. तपासायला काही कळावं लागत नाही, नुसता र शोधायचा.

ही सवय कुठून लागते तेही माहीत असू द्या. फोन किंवा संगणकाची भाषा स्पॅनिश केलीत तर बटणांवर दिसतं 'आसेप्तार', 'कान्सेलार', 'ग्वार्दार'. पाककृतींतही पुष्कळदा मूळ रूपंच असतात. दारांवर 'एम्पुखार' असतं, तसंच 'एम्पूखे'ही असतं. ही छापील मूळ रूपं चूक नाहीत. कोणा एका माणसाला उद्देशून नसलेल्या सूचनांना ती चालतात, आणि स्पॅनिश भाषेची शाही अकादमी, म्हणजे १७१३ साली स्थापन झालेली रेआल आकादेमिया एस्पान्योला, हिलाही ती मान्य आहेत. पण समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना ती वापरायची नाहीत. त्यामुळे बटणांवरून आज्ञार्थ शिकू नका. शब्द शिका, रूप नको.

चौथी तपासणी: तू-रूप 'तो'च्या रूपाशी जुळतं का?

नियमित क्रियापदाचं होकारार्थी तू-रूप हे वर्तमानकाळातल्या 'तो बोलतो'च्या रूपासारखंच दिसतं. 'एल आब्ला', तो बोलतो, 'आब्ला', बोल. तुम्ही लिहिलेल्या आज्ञेआधी 'एल' लावून वाचा. वर्तमानकाळाचं बरोबर वाक्य तयार झालं तर आज्ञा बरोबर. 'एल आब्लेस' असं काही नसतं, म्हणून 'आब्लेस' तिथल्या तिथे पकडलं जातं.

'आब्लेस' मुळात येतं कुठून? नकारार्थी आज्ञेतून. 'बोलू नकोस' म्हणजे 'नो आब्लेस', आणि ते तिथे अगदी बरोबर आहे. वर्गात होकार आणि नकार एकाच आठवड्यात शिकवले की एक दुसऱ्यात गळतं. यामागे इतिहास आहे. खास आज्ञेसाठीची, लॅटिनपासून चालत आलेली रूपं स्पॅनिशमध्ये मोजकीच उरली आहेत: तू-रूप, आणि त्याचंच स्पेनमधलं अनेकवचन. उस्तेदची सगळी रूपं आणि सगळे नकार सबजंक्टिव्हकडून, म्हणजे इच्छा-शक्यता सांगणाऱ्या क्रियारूपांकडून, उसने आणलेले आहेत. उस्तेद हा शब्दच मुळी 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे साधारण 'आपली कृपा', या संबोधनातून झिजत आला. म्हणून समोरच्याशी बोलतानाही क्रियापद 'तो'च्या पंक्तीला बसतं आणि आज्ञा जवळपास इच्छेसारखी मांडली जाते.

एवढं कळलं की स्वरांची अदलाबदल लहरी वाटत नाही. पुढे सबजंक्टिव्ह शिकाल तेव्हा अर्धं काम इथेच झालेलं असेल.

पाचवी तपासणी: उस्तेद-रूप 'मी'पासून काढलंय का?

उस्तेद-रूप मूळ रूपातून काढू नका. 'मी'च्या वर्तमानकाळातून काढा: आब्लो, कोमो, एस्क्रीबो. शेवटचा ओ काढा, उलटा स्वर लावा. नियमित क्रियापदांना दोन्ही वाटांनी उत्तर तेच येतं, मग हा वळसा कशाला? कारण उद्या 'तेन्गो' म्हणणारं तेनेर किंवा 'पोन्गो' म्हणणारं पोनेर समोर आलं की हीच वाट 'तेन्गा', 'पोन्गा'पर्यंत सुखरूप नेते, आणि मूळ रूपाची वाट खड्ड्यात. सवय पहिल्यापासून बरोबर लागलेली बरी.

सहावी तपासणी: सर्वनाम कुठे बसलंय?

होकारार्थी आज्ञेत 'ला', 'लो', 'मे', 'ते', 'से' ही सर्वनामं क्रियापदाच्या शेवटी चिकटतात, मध्ये जागा न सोडता. 'लो कोम्प्रा' हे विधान आहे, तो ते विकत घेतो. 'कोम्प्रालो' ही आज्ञा आहे, ते विकत घे. चौथ्या तपासणीत म्हटलं की आज्ञा आणि 'तो'चं रूप सारखंच. मग ऐकणाऱ्याला फरक कळतो कसा? आवाजाच्या चढउतारावरून, संदर्भावरून, आणि सर्वनाम असेल तर त्याच्या जागेवरून. म्हणून ही जागा चुकली की अर्थच बदलतो. नकारात ती परत पुढे जातात, 'नो लो कोम्प्रेस', पण तो आजचा विषय नाही.

दोन सर्वनामं असतील तर आधी माणूस, मग वस्तू: 'एस्क्रीबेमेलो', मला ते लिहून दे. माणूस तिसरा असेल तर 'ले'चं 'से' होतं: 'एस्क्रीबासेलो', त्याला ते लिहून द्या.

'स्वतः' अर्थाच्या क्रियापदांत मिसळीचा घोटाळा फार दिसतो. लेवान्तार्से, म्हणजे उठणे. तू असेल तर 'लेवान्ताते', उस्तेद असेल तर 'लेवान्तेसे'. वहीत सापडतं 'लेवान्तेते' किंवा 'लेवान्तासे': धड एकाचं, शेपूट दुसऱ्याचं. 'ते'बरोबर तू-रूप, 'से'बरोबर उस्तेद-रूप, एवढं बघितलं की पुरे.

सातवी तपासणी: तिरकी रेघ

इथून पुढे वेळ लागतो. बोलायचंच असेल, लिहायचं नसेल, तर ही आणि पुढची तपासणी सोडून दिलीत तरी चालेल.

स्पॅनिशचा साधा नियम: शब्द स्वराने किंवा एन अथवा एस या अक्षरांनी संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा). 'कोम्प्रा'त जोर 'कोम'वर, नियमात बसतो, रेघ नको. आता 'लो' चिकटलं. जोर हलला नाही, तो 'कोम'वरच आहे, पण 'कोम' आता शेवटून तिसरा झाला. शेवटून तिसऱ्या अवयवावर जोर असेल तर रेघ द्यावीच लागते, अपवाद नाही. म्हणून 'कोम्प्रालो' लिहिताना पहिल्या ओवर रेघ.

दरवेळी नियम आठवण्यापेक्षा बोटांवर मोजा. सर्वनाम लावण्याआधी जोर कुठे होता ते म्हणून बघा, मग चिकटवून शेवटून मोजा. तीन किंवा जास्त आले, रेघ द्या. 'आब्लामे'? मोजा: मे, ब्ला, आ. तीन, रेघ. 'एस्क्रीबेमेलो'? लो, मे, बे, क्री. चार, रेघ. एकाच अवयवाच्या आज्ञेला एकच सर्वनाम लागलं, जसं 'दी'चं 'दीमे', तर मोजणी दोनवर थांबते आणि रेघ लागत नाही. आणखी एक लागून 'दीमेलो' झालं की लागते.

जुन्या छापील पुस्तकांत 'देमे'वर (मला द्या) रेघ दिसली तर गोंधळू नका. एकट्या 'दे'वर रेघ असते, आणि पूर्वी ती सर्वनाम लागल्यावरही ठेवत. अकादमीच्या १९९९च्या शुद्धलेखन नियमांपासून ती काढली गेली.

ही रेघ शोभेची नाही, याचा पुरावा हवा असेल तर अर्जेंटिनाकडे बघा. तिथे 'तू'च्या जागी 'वोस' आहे आणि आज्ञेचा जोर शेवटच्या स्वरावर: आब्ला, कोमे, एस्क्रिबी, तिन्हींत अंत्य स्वरावर रेघ. त्याला 'लो' चिकटलं की जोर शेवटून दुसऱ्यावर येतो, म्हणजे साध्या नियमात, आणि रेघ गळून पडते. त्यामुळे रेघेविना लिहिलेलं 'कोम्प्रालो' हे चूक नाही, ते ब्वेनोस आयरेसचं आहे. मेक्सिकोतल्या माणसाला पत्र लिहिताना ते मध्येच आलं तर मात्र तो नक्की चमकेल.

आठवी तपासणी: कानाला नियमित, डोळ्याला नाही

काही क्रियापदं उच्चारात पूर्ण नियमित आहेत, पण उस्तेद-रूपात स्पेलिंग बदलतं. बदलतं ते आवाज टिकवण्यासाठीच.

बूस्कार (शोधणे) मध्ये 'क' हा सी या अक्षराने लिहिलेला आहे. उस्तेदसाठी पुढे ई हे अक्षर (उच्चार 'ए') आलं की त्याच सीचा आवाज 'स' होतो, स्पेनच्या मोठ्या भागात 'थ'. म्हणून सी काढून क्यू आणि यू लिहायचं: बूस्के. पागार (पैसे देणे) मध्ये जीपुढे ई आलं तर आवाज 'ख'सारखा होईल, म्हणून मध्ये न उच्चारला जाणारा यू: पागे. क्रुसार (ओलांडणे) मध्ये झेड आहे. ईपुढे स्पॅनिश सहसा झेड लिहीत नाही, सी लिहिते: क्रूसे. रेकोखेर (गोळा करणे) मध्ये उलटा प्रकार. ईमुळे जीचा आवाज 'ख' आहे, पण उस्तेदसाठी ए जाऊन आ येणार आणि जीचा 'ग' होणार. म्हणून जे: रेकोखा.

चारही ठिकाणी तू-रूपाला धक्काही लागत नाही, कारण तिथे स्वर बदलतच नाही. स्पेलिंगची चूक तू-रूपात दिसत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी दुरुस्ती करताय.

नववी तपासणी: पुस्तक कोणत्या देशाचं?

सगळं बरोबर वाटतंय, तरी उत्तरसूची वेगळं सांगतेय? मग पुस्तकाचा देश बघा.

स्पेनमध्ये जवळच्या अनेकांसाठी वेगळं रूप आहे, 'वोसोत्रोस'चं. मूळ रूपातला र काढा, तिथे डी हे अक्षर लावा: आब्लाद, कोमेद, एस्क्रिबीद. इतकं सरळ की अनियमित क्रियापदंही इथे शिस्तीत वागतात. 'ओस' सर्वनाम लागलं की डी गळतो: लेवान्ताओस. लॅटिन अमेरिकेत हे रूप रोजच्या बोलण्यात नाहीच, तिथे जवळचे असोत की परके, अनेकांना उस्तेदेस. स्पेनमध्ये बोलताना लोक डीऐवजी मूळ रूपच म्हणतात हेही कानावर येईल. ऐका, पण परीक्षेत लिहू नका.

वोसचं वर आलंच आहे. अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात ते चालतं. 'आपण बोलूया' अर्थाचं रूपही आहे, आब्लेमोस, कोमामोस, एस्क्रिबामोस, आणि 'नोस' लागताना त्यातला एस जातो: लेवान्तेमोनोस. रोजच्या बोलण्यात त्यापेक्षा 'वामोस आ कोमेर' असंच जास्त ऐकू येतं, म्हणून यावर फार रक्त आटवू नका.

कुठे थांबायचं

क्रियापद या आठांपैकी असेल तर वरच्या तपासण्या तू-रूपासाठी चालणार नाहीत: देसीर, आसेर, ईर, पोनेर, सालीर, सेर, तेनेर, वेनीर. त्यांची तू-रूपं तुटकी आहेत, अनुक्रमे दी, आस, वे, पोन, साल, से, तेन, वेन. ती पाठच करायची, डोकं चालवायचं नाही. उस्तेदकडे दार, एस्तार, ईर, साबेर आणि सेर हीदेखील वेगळीच वागतात. शंका आली की अकादमीच्या ऑनलाइन शब्दकोशात क्रियापद उघडा. तिथे रूपांचा पूर्ण तक्ता मोफत मिळतो आणि आज्ञार्थाच्या भागात तू, वोस, उस्तेद सगळे वेगळे दिलेले असतात. तक्ता आणि तुमचं उत्तर जुळत नसेल तर वाद घालू नका, तक्ता बरोबर.

लिहिलेलं सगळं बरोबर, पण बोलताना लोक 'काय?' म्हणत असतील, तर बिघाड जोरात आहे आणि तो स्वतःचा स्वतःला ऐकू येत नाही. इथे शिक्षक हवा, समोर बसून कान देणारा. अ‍ॅपवरची हिरवी खूण याबाबत काही सांगत नाही. परीक्षेची तयारी चालू असेल आणि दुसऱ्या तपासणीतली चूक सराव करूनही आठवड्यागणिक परत येत असेल, तरीही शिक्षकालाच गाठा. तुमचा कान नेमका कुठे घसरतो ते त्याला चार वाक्यांत कळतं.

आणि औषधाच्या सूचना, यंत्राच्या सुरक्षेची पाटी, संमतीपत्र, कायदेशीर नोटीस किंवा ग्राहकांना जाणारा मजकूर लिहायचा असेल, तर वरच्या नऊही तपासण्या पास झाल्या तरी स्वतः करू नका. व्यावसायिक भाषांतरकाराला द्या, आणि देताना मजकूर कोणत्या देशात वाचला जाणार आहे ते पहिल्याच ओळीत कळवा. तू, वोस की उस्तेद, हे तो त्यावरूनच ठरवणार आहे.